पहिली जुनी गाडी घ्यायचीय? दुर्मिळ वगैरे नंतर, आधी पत्रा बघा

मागच्या गणपतीत भाचा घरी आला होता. वय बावीस, नुकताच नोकरीला लागलेला, मोबाइलवर दिवसभर लॅम्बोर्गिनी नाहीतर बुगाटीचे रील्स. मोदक खाता खाता विचारतो, "मामा, कोणी फुकट दिली तर लॅम्बोर्गिनी घेशील की तुझा हा खटाराच ठेवशील?" खटारा म्हणजे माझी १९७८ची प्रीमियर पद्मिनी, बिल्डिंगच्या मागच्या गेटपाशी कव्हर घालून उभी असते ती. मी म्हटलं, लॅम्बोर्गिनी घेईन, दुसऱ्या दिवशी विकेन आणि त्या पैशात खटाऱ्यासाठी बंद गॅरेज असलेलं घर घेईन. सगळे हसले, विषय संपला. आणि दिवाळीनंतर त्याचाच फोन, "मामा, डोंबिवलीला एक जुनी फियाट बघितलीय, रविवारी येतोस का?"

तर त्या रविवारी आणि नंतरच्या चार-पाच रविवारी त्याला जे काय सांगत फिरलो तेच इथे टाइप करतोय, कुणाच्या तरी कामाला येईल. मी मेकॅनिक नाही, साधा नोकरदार माणूस आहे, पण अकरा वर्षं ही गाडी मुंबईत सांभाळतोय आणि बहुतेक चुका रोख पैसे मोजून करून झाल्यात.

आधी ते सुपरकार विरुद्ध जुनी गाडी प्रकरण निपटवू, कारण तिथे गोंधळ असला की पुढे गाडी चुकीची घेतली जाते. मी एकदाच सुपरकारमध्ये बसलोय, ओळखीतल्या एकाची लॅम्बोर्गिनी हुराकान, ५.२ लिटरचं व्ही-१० इंजिन पाठीमागे, वरळीहून बांद्र्याला सी लिंकवरून रात्री. खोटं कशाला बोलू, त्याने एकदा पाय दाबला तेव्हा पोटातलं जेवण मागे सरकल्यासारखं वाटलं आणि तोंडातून काय आवाज निघाला तो मी इथे लिहिणार नाही. पण ते सगळं दोन-तीन सेकंदच. सी लिंकवर लिमिट ८०, कोस्टल रोडवर सरळ रस्त्याला ८० आणि बोगद्यात ६०, अटल सेतूवर फार तर १००. म्हणजे ज्या गाडीचा काटा तीनशेच्या पुढे जातो ती मुंबईत आयुष्यभर खालच्या गिअरमधल्या वेगातच राहणार. सी लिंक उतरल्यावर गल्लीत वळलो तर स्पीड ब्रेकर आला, त्याने बटण दाबून नाक वर उचललं, मागे रिक्षावाला हॉर्न वाजवतोय, आम्ही आपले पालखीसारखे हळूहळू त्या उंचवट्यावरून.

माझ्या पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसी, ताकद चाळीसेक हॉर्सपॉवर, आणि ती ८०ला पोचली की डॅशबोर्ड, आरसा आणि बायको तिघं एकदम बोलायला लागतात. म्हणजे कोस्टल रोडवर तो हुराकानवाला आणि मी दोघंही ८०लाच, पण तो कंटाळलेला असतो आणि मी दोन्ही हातांनी लढत असतो. मजा कुठल्या गाडीत जास्त हे तुम्हीच ठरवा. माझं म्हणणं एवढंच की सुपरकार बघायला आणि बसायला भारी आहे, पण हात लावायला काही नाही, काही झालं की कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन येणार. जुन्या गाडीत बॉनेट उघडलं की प्रत्येक गोष्ट काय करते ते डोळ्यांनी दिसतं. आवडत असेल तर हेच आवडतं आणि नसेल आवडत तर प्लीज जुनी गाडी घेऊ नका, महिन्याभरात वैतागाल.

आता 'दुर्मिळ' या शब्दाबद्दल, कारण विकणारे हाच शब्द वापरून खिसा कापतात. दुर्मिळ गाड्या दोन तऱ्हेच्या असतात. एक, कंपनीनेच कमी बनवलेल्या. मॅकलॅरन एफ-१ सगळ्या मिळून १०६, फेरारी २५० जीटीओ फक्त ३६, १९६२ ते ६४मध्ये. मर्सिडीजच्या ३०० एसएलआर उहलेनहाउट कूपे दोनच बनल्या, त्यातली एक २०२२मध्ये १३ कोटी ५० लाख युरोला गेली. कधी कधी हा आकडा सुद्धा लवचिक असतो, फेरारी एफ-४० म्हणे ४००च करायच्या होत्या, मागणी बघून १३००च्या वर केल्या. आणि दुसरी दुर्मिळ म्हणजे भरपूर बनलेली पण उरली नाही अशी. पद्मिनी ही दुसऱ्या जातीची. आपल्या कुर्ल्यात बनायची, वालचंद हिराचंद यांनी १९४४ला काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये, फियाट ११०० म्हणून आली, मग डिलाइट, प्रेसिडेंट आणि १९७४पासून पद्मिनी. एकेकाळी दादर टीटीला उभं राहिलं की पिवळं छप्पर सोडून काही दिसायचं नाही. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २००३च्या ऑक्टोबरात रजिस्टर झाली, टॅक्सीला वयाची मर्यादा २० वर्षं, म्हणून २०२३च्या ऑक्टोबरअखेरीस ती पण संपली. त्या आठवड्यात जी माणसं टॅक्सीसोबत सेल्फी काढत होती ती वर्षभर आधी "एसी नाही, दुसरी बघू" म्हणून तिच्यातच बसत नव्हती. असो.

तर भाच्याला पहिला सल्ला हा दिला की पहिली गाडी दुसऱ्या जातीची घे, आणि त्यातही सगळ्यात कमी दुर्मिळ. गाडी दुर्मिळ म्हणजे तिचे पार्ट दुर्मिळ, हे गणित लोक विसरतात. कुणीतरी आजोबांची ऑस्टिन नाहीतर स्टुडबेकर फुंकून टाकल्याच्या भावात देतो, तुम्ही हरखून घेता आणि मग मागची एक काच फुटली की दोन वर्षं शोधत बसता. पद्मिनी, अॅम्बेसेडर, जुनी मारुती ८००, यांचे पार्ट अजून मिळतात, आणि मुख्य म्हणजे यांना हात लावणारे मेकॅनिक अजून जिवंत आहेत. डुक्कर फियाट, म्हणजे ती ५०च्या दशकातली गोल पाठीची ११००, तिच्यावर माझाही जीव आहे, पण ती दुसरी गाडी. आधी एक साधी सांभाळून बघा.

'व्हिंटेज'चं पण तसंच. इंग्रज लोक १९१९ ते १९३०मधल्याच गाडीला व्हिंटेज म्हणतात, आपल्याकडे जाहिरातीत २००१ची मारुती झेनसुद्धा व्हिंटेज असते. कायद्यात मात्र स्पष्ट आहे, २०२१च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे पहिल्या रजिस्ट्रेशनपासून ५० वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात ठेवलेली गाडी ती व्हिंटेज. त्याबद्दल कागदांच्या ठिकाणी परत बोलू, कारण तिथे एक खाच आहे.

गाडी बघायला जायचं तर सकाळी जा आणि मालकाला आधी सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. हे फार महत्त्वाचं. गरम इंजिन सगळ्या गोष्टी लपवतं. डोंबिवलीला आम्ही पोचलो तर गाडी आधीच गडगडत होती, मालक म्हणाला "सहज चालू करून ठेवली तुमच्यासाठी", मी बॉनेटला हात लावून भाच्याकडे बघितलं, तो काय समजायचं ते समजला. सोबत न्यायचं सामान: टॉर्च, जुना टॉवेल किंवा पुठ्ठा खाली झोपायला, एक लहान स्क्रू ड्रायव्हर आणि फ्रिजवरचं लोहचुंबक, त्याला पातळ फडकं गुंडाळून, नाहीतर रंगावर ओरखडा गेला की मालक गाडी तुमच्याच गळ्यात मारेल.

लोहचुंबक कशाला? पत्रा सडला की डेंटर, म्हणजे पत्र्याचं काम करणारे, त्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरतात आणि वरून रंग मारतात, चकाचक दिसतं. चुंबक पत्र्याला चिकटतं, लांबीला नाही. दाराच्या खालच्या कडेने, चाकांच्या वरच्या गोलाईवर, हेडलाइटच्या भोवती, डिकीच्या ओठावर हळूहळू फिरवत जायचं. त्या डोंबिवलीच्या गाडीत डाव्या मागच्या चाकावर चुंबक धरलं आणि सोडलं तर सरळ खाली पडलं, माझ्या पायावर. चार बोटं वर धरलं, तिथूनही पडलं. भाचा बिचारा टपाटप फोटो काढत होता, लाल रंग एवढा मस्त होता ना. मग मी मागचं मॅट उचललं आणि टॉर्च मारली, फ्लोअरवर नवाकोरा काळा डांबरासारखा लेप. जुन्या गाडीत सगळं जुनं आणि एकच गोष्ट नवी दिसली की तिथेच थांबायचं. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं तर टणटण आवाज यायला हवा, इथे आला धप. खाली झोपून बघितलं तर त्या लेपाखाली चक्क फायबरचं कापड चिकटवलेलं. आम्ही चहा पिऊन निघालो.

मुंबईत हे सगळ्यात जास्त बघायचं कारण खारी हवा. दादर, माहीम, वर्सोवा असल्या किनाऱ्याजवळच्या गाड्या वरून ठीक दिसतात आणि आतून पापडासारख्या असतात. बॅटरीखालचा ट्रे, स्टेपनीचा खड्डा, जॅक लावायची जागा आणि दाराखालचा पट्टा या चार ठिकाणी जे दिसेल ते खरं. आणि २६ जुलै २००५च्या आधीपासून गाडी मुंबईत असेल तर विचारा की त्या दिवशी कुठे होती. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, कितीतरी गाड्या छतापर्यंत बुडाल्या आणि नंतर धुऊनपुसून विकल्या गेल्या. सीटच्या खालच्या स्प्रिंगा बघा, दाराचं आतलं पॅनल थोडं ओढून बघा, बारीक वाळलेल्या गाळाची रेघ तिथे राहते, ती कुणी पुसत नाही.

पद्मिनी असेल तर अजून एक बघा, ती आधी टॅक्सी होती का. टॅक्सी असणं पाप नाही, पण टॅक्सी म्हणजे लाखो किलोमीटर आणि तीन ड्रायव्हर, आणि त्याचा भाव वेगळा. छपरावर कॅरिअरच्या खुणा, आणि पुढे डाव्या बाजूला, जिथे बाहेर तो लोखंडी मीटर असायचा तिथे बुजवलेली भोकं. रंगाखाली सुद्धा बोट फिरवलं की लागतात.

इंजिनबद्दल मी मुद्दाम नंतर लिहितोय कारण लोक उलटं करतात, इंजिन ऐकून खूश होतात आणि पत्रा बघत नाहीत. या इंजिनाचं काम होतं. रिबोर करा, पिस्टन-रिंगा बदला, हेड फेस करून घ्या, चांगला मेकॅनिक असेल तर महिन्याभरात विषय संपतो. पत्र्याचं काम कधीच संपत नाही, आणि चांगला डेंटर, म्हणजे जो लांबी न भरता नवीन पत्रा कापून वेल्डिंग करेल असा, मिळणं म्हणजे लग्नासाठी स्थळ मिळण्यासारखं. तेव्हा बंद इंजिन आणि चांगली बॉडी असलेली गाडी घ्या, मस्त चालणारी सडकी गाडी घेऊ नका. मी उलटं केलं होतं. गाडीचे जेवढे पैसे दिले तेवढे परत पत्र्यावर दोनदा घातले. ज्याने विकली तो म्हणाला होता "बॉडी एकदम ओरिजिनल", तर गंज ओरिजिनल होता हे खरं.

तरी इंजिनाचं थोडं. थंड असताना चोक ओढून चालू करा आणि मागे सायलेन्सरकडे एक माणूस उभा करा. सुरुवातीला पांढरी वाफ आली आणि गेली तर ठीक, निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा धूर थांबतच नसेल तर हेड गॅस्केटवर संशय. ऑइल भरायचं झाकण उघडा, तिथून फुसफुस करत धूर बाहेर येत असेल तर इंजिन बॅक मारतंय, म्हणजे पिस्टन-रिंगा झिजून दाब खाली गळतोय, खोलायची तयारी ठेवा. त्याच झाकणाच्या आत ताकासारखं पांढरट चिकट दिसलं तर पाणी ऑइलमध्ये जातंय. रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडा, आत गंजाचं चहासारखं पाणी असेल तर मालकाने आयुष्यभर नळाचं पाणी घातलंय, कूलंट नाही. मग वीस-पंचवीस मिनिटं चालवा, आणि ट्रॅफिकमध्ये चालवा, मोकळ्या रस्त्यावर नाही. मुंबईत गाडी पळते कमी आणि उभी जास्त असते, जी गाडी सिग्नलला उभी राहून गरम होत नाही ती पास.

कागद. इथे भाचा कंटाळला पण मी त्याला सोडलं नाही. आरसी बुकवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर स्वतः गाडीवर जाऊन वाचा, त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासा, ठसा घरी न्या. इंजिन नंबर न जुळणं जुन्या गाडीत खूप वेळा होतं कारण इंजिनं बदलली जायची, पण ते आरसीवर चढवलेलं पाहिजे. चेसिस नंबर जुळला नाही तर गाडी कितीही सुंदर असो, नमस्कार करून निघा. एमएम, एमआर असल्या जुन्या बॉम्बे सिरीजचा नंबर असेल तर लोक त्यासाठी जास्त पैसे मागतात, पण ती नोंद परिवहनच्या ऑनलाइन सिस्टिममध्ये चढलेली आहे का ते बघा. बऱ्याच जुन्या गाड्या अजून फक्त रजिस्टरमध्येच असतात, मग आधी बॅकलॉग एंट्री करावी लागते आणि तोपर्यंत ट्रान्सफर अडकतं. माझं सात महिने अडकलं होतं. ज्याच्या नावावर गाडी आहे तो माणूस हयात आहे का हेही विचारा, हसू नका, एका ठिकाणी आरसीवर आजोबा होते, ते जाऊन पंधरा वर्षं झालेली आणि वारस चार, त्यातले दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.

प्रायव्हेट गाडीचं रजिस्ट्रेशन पहिली १५ वर्षं, नंतर दर ५ वर्षांनी फिटनेस दाखवून रिन्यू करायचं, त्यासाठी फॉर्म २५. फी २०२२ला वाढून ५ हजार झाली आणि २०२५ला २० वर्षांपुढच्या कारसाठी १० हजार केली. वर महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळा. मागची फिटनेस संपलेली असेल तर उशिराचा दंड कोण भरणार ते टोकन द्यायच्या आधी बोलून घ्या.

आणि ती खाच. ५० वर्षं झाली की व्हिंटेज म्हणून रजिस्टर करता येतं, नवीन नोंदणीला २० हजार, ती १० वर्षं चालते, 'व्हीए' अक्षरं असलेला खास नंबर मिळतो, आधीच रजिस्टर असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. ऐकायला मस्त आहे. पण मग ती गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच. माझी २०२८ला पन्नाशी पूर्ण करेल आणि मी तिला व्हिंटेज करणार नाही, कारण रविवारी सकाळी मी तिच्यातून मासे आणायला जातो आणि ते बंद झालं तर गाडी कशाला ठेवायची. ज्याच्याकडे पॅकार्ड किंवा रोल्स आहे आणि वर्षातून एकदा हॉर्निमन सर्कलच्या रॅलीला नेतो त्याला तो नियम ठीक आहे.

इन्शुरन्स काढताना थर्ड पार्टी तर लागतोच, पण पूर्ण काढायचा असेल तर किंमत किती धरायची ते आधी बोलून ठरवा. ५ वर्षांपुढच्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, दोघांच्या संमतीने ठरते, कंपनीने आपोआप १५ हजार टाकली तर सही करू नका.

पार्टसाठी ऑपेरा हाउसच्या बाजूची जुनी दुकानं, कुर्ला-कलिनाचा सीएसटी रोड आणि चोर बाजार. चोर बाजारात काच, आरसा, क्रोमच्या पट्ट्या, दाराची हँडल्स असलं दिसणारं सामान मिळतं, पण ब्रेकचा पार्ट तिथून कधीही घेऊ नका, तो नवीनच घ्या. आणि दुकानात जाताना जुना पार्ट हातात घेऊन जा. "पद्मिनीचा वॉटर पंप द्या" म्हणून उपयोग नाही, वर्षावर्षाला बारीक फरक आहेत, काउंटरवर ठेवून जुळवायचं. तिकडचे म्हातारे दुकानदार पार्ट उलटा करून नुसता बघतात आणि माळ्यावर बोट दाखवतात, पोरगा शिडी लावतो, वर्तमानपत्रात गुंडाळलेला नवा पार्ट खाली येतो. असल्या वेळी भाव करायची इच्छा होत नाही, तरी करा.

गाडी घरी आली की पहिल्या महिन्यात रंग, सीट कव्हर, म्युझिक सिस्टिम काही नाही. आधी ब्रेक. चारी चाकांना ड्रम आहेत, डिस्कची सवय असलेल्या पायाला वाटतं ब्रेक लागलाच नाही. व्हील सिलिंडर, होज, ब्रेक ऑइल सगळं नवीन, कारण ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं आणि मुंबईच्या हवेत पाणीच पाणी. मग टायर, नक्षी कितीही चांगली असली तरी बाजूवरचा चार आकडी कोड वाचा, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष, सहा-सात वर्षांपुढचे असतील तर काढा. मग पेट्रोलचे सगळे रबरी पाइप. आता पंपावर जे पेट्रोल मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं, जुनं रबर त्याने फुगतं, मऊ पडतं, आणि गाडी महिनाभर उभी राहिली की कार्बोरेटरमध्ये चिकट घाण धरते. इथेनॉल सोसणारे होज घाला आणि पुढे एक छोटा काचेचा फिल्टर लावा म्हणजे काय चाललंय ते दिसतं. गरम इंजिनावर पेट्रोल गळणं म्हणजे आगच, म्हणून सीटखाली एक छोटं अग्निशामक ठेवा, माझ्याकडे आहे, अजून वापरायला लागलं नाही.

शिशाचं पेट्रोल देशभरात १ फेब्रुवारी २०००ला बंद झालं, त्याची पण लोक भीती घालतात की व्हॉल्व्ह सीट झिजतील. तुम्ही ५०-६०ने चालवणार असाल तर डोक्याला ताप घेऊ नका, पुढे कधी हेड खोलाल तेव्हा कडक सीट बसवून घ्या.

पावसाळा हा वेगळा विषय आहे. प्लास्टिकचं कव्हर घालू नका, आत वाफ धरते आणि गाडी उकडल्यासारखी गंजते, सुती किंवा हवा खेळणारं कव्हर घ्या, आणि पाऊस थांबला की काढून दारं उघडी टाका. अर्ध्या तासात सोसायटीतले तीन काका येऊन "विकायचीय का" विचारतील, त्याला इलाज नाही. डेलको, म्हणजे प्लगना करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर, त्याच्या झाकणात ओल गेली की गाडी चालू होत नाही, झाकण काढून कोरड्या फडक्याने पुसा, पॉइंट बारीक पॉलिश पेपरने साफ करा, गॅप साधारण ०.४ मिलिमीटर, बहुतेक वेळा तेवढ्यावर काम होतं. बदामाच्या झाडाखाली लावू नका. आणि उंदीर! मुंबईच्या उंदरांना इंजिनाच्या वायरी आवडतात, मी डांबराच्या गोळ्या ठेवून बघितल्या, तंबाखू ठेवून बघितली, शेवटी एकच गोष्ट कामाला आली, दर दोन-तीन दिवसांनी गाडी चालू करून दहा मिनिटं बाहेर फिरवणं.

उन्हाळ्यात मे महिन्यात दुपारी सायन सर्कलला वगैरे अडकलात आणि गाडी आचके देऊन बंद पडली तर घाबरू नका, पेट्रोलची वाफ अडकलेली असते. बाजूला घ्या, बॉनेट उघडा, इंजिनाला पेट्रोल ओढून देणारा जो छोटा पंप असतो, ज्याला जुने मेकॅनिक एसी पंप म्हणतात, त्याच्यावर ओलं फडकं ठेवा, पाच मिनिटं थांबा. रेडिएटरच्या झाकणाला मात्र हात लावू नका. तेवढ्यात एक माणूस हमखास येतो, साठीच्या पुढचा, "माझी होती, सेव्हंटी-थ्रीची" म्हणतो आणि तुमच्या हातातलं फडकं घेऊन स्वतःच लावतो. माझ्याकडे असे आतापर्यंत सहा-सात झालेत.

भाच्याने शेवटी घेतली, जानेवारीत, ठाण्याच्या एका काकूंकडून, क्रीम रंगाची १९८४ची पद्मिनी. चार वर्षं बंद इंजिन, रंग पार उडालेला, पण चुंबक सगळीकडे टपकन चिकटलं. टोचन करून आणली. लॅम्बोर्गिनीचे रील्स अजून बघतो, त्याला मी काही बोलत नाही, मीही बघतो.

त्याला आता रोजची एकच सवय लावतोय. रात्री गाडी उभी केली की इंजिनाखाली एक मोठा कोरा पुठ्ठा सरकवायचा, चारी चाकांच्या आतल्या बाजूलाही एक एक तुकडा, आणि सकाळी टॉर्चने बघायचं. काळा-तपकिरी डाग म्हणजे ऑइल, दोन थेंब चालतात, जुनी गाडी आहे. हिरवा किंवा गुलाबी म्हणजे कूलंट, क्लिपा घट्ट करा. पेट्रोलचा डाग उडून जातो पण पुठ्ठ्याला वास राहतो, नाक लावून बघा. आणि चाकाजवळच्या तुकड्यावर पातळ, बोटाला निसरडा लागणारा पिवळसर थेंब दिसला तर तो ब्रेक ऑइलचा, त्या दिवशी गाडी जागेवरून हलवायची नाही, मासे रिक्षाने आणायचे.